मृगाचा किडा आणि वाणी यांत नेमका फरक कोणता?

गोदाकाठ:
पहिल्या पावसानंतर आमच्या बांधावर लालभडक मृगाचे किडे आणि तपकिरी वाण्या एकाच सुमारास दिसू लागतात. हे दोन्ही जीव एकमेकांचे जवळचे नातलग आहेत काय, आणि सोयाबीनच्या उगवत्या रोपांना यांपैकी कोणापासून धोका संभवतो?

वारूळ:
दोन्ही संधिपाद आहेत, परंतु नाते तेवढ्यावरच संपते. मृगाचा किडा हा कीटक नसून कोळी आणि विंचू यांच्या वर्गातील माइट आहे. प्रौढाला आठ पाय असतात. वाणी मात्र सहस्रपाद असून तिच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. गंमत अशी की, दोघांचीही पिल्ले सुरुवातीला सहाच पायांची असतात. त्यानंतर माइटचे पिल्लू नाकतोड्यासारख्या एखाद्या कीटकाच्या अंगाला चिकटून त्याच्या शरीरातील द्रव शोषते, तर वाणीचे पिल्लू कुजका पाला खात, प्रत्येक कातीबरोबर नवी वलये आणि नवे पाय मिळवत वाढते.

शेवरी:
दोघांच्या बाहेर पडण्याची कारणेही निराळी आहेत. मृगाचा किडा वर्षाचा बहुतांश काळ जमिनीखाली काढतो आणि माती भिजली की भक्ष्य व जोडीदार शोधण्यासाठी वर येतो; कीटकांची अंडी आणि वाळवी हे त्याचे खाद्य. वाणीच्या अंगातील पाणी लवकर उडून जाते, म्हणून ती ओलाव्यामागे, तेही मुख्यतः रात्री, हिंडते. तिला विषारी दंश नाही. डिवचल्यास वेटोळे करून ती उग्र वासाचा द्रव सोडते, त्यामुळे हाताळल्यावर डोळे चोळू नयेत.

गोदाकाठ:
म्हणजे फवारणी केवळ वाणीसाठी करावी?

वारूळ:
फवारणीची घाई नको, असे माझे मत आहे. एरवी वाणी पालापाचोळ्याचे खत होण्यास मदतच करते; मात्र मराठवाडा आणि विदर्भात पेरणीनंतर पावसाने ओढ दिली असता तिने सोयाबीन व कपाशीची कोवळी रोपे कुरतडल्याच्या तक्रारी आलेल्या आहेत. संध्याकाळी शेतात ओल्या गवताचे लहान ढीग ठेवावेत, त्यांखाली जमलेल्या वाण्या सकाळी गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात आणि बांधालगतचा काडीकचरा हलवावा. मृगाच्या किड्याला हात लावण्याचे कारणच नाही, कारण सरसकट फवारणीत आधी हा शिकारीच मरण्याची शक्यता आहे.