दीड तासाचा डोंगर: खेळात चढलेली टेकडी चढली म्हणायची का?

गुडघा_कोथरूड
मार्चमध्ये लिगामेंट दुखावलं. सहा आठवडे टेकडी बंद. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने पुण्यातली वेताळ टेकडी चढायची, खाणीला वळसा घालायचा आणि उतरून चहा, ही माझी अठरा वर्षांची सवय. घरात बसून मी सगळ्यांवर खेकसायला लागलो, तेव्हा भाचीने लॅपटॉपवर 'अ शॉर्ट हाइक' लावून दिला. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू या कॅनेडियन माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला हा २०१९ चा खेळ. २०२० मध्ये त्याला आयजीएफ या स्वतंत्र व्हिडिओ गेम्सच्या महोत्सवाचं सर्वात मोठं पारितोषिकही मिळालं. क्लेअर नावाची एक पक्षीण मावशीकडे सुट्टीला आलीये, एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतेय आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर. बास, एवढीच गोष्ट.

वाटेत सोनेरी पिसं मिळतात, जितकी जास्त तितकं उंच चढता येतं. कड्यावरून पडलं तरी काही होत नाही, उठायचं आणि चालायचं. मी माथ्याकडे निघालो होतो, पण एका पोराला शंख हवे होते म्हणून पुन्हा किनाऱ्यावर उतरलो. त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोप लागली. माझं म्हणणं: टेकडीवर जे मिळतं त्यातलं बरंच काही इथे मिळतं. हाणा आता.

टेकडीवाला
हाणतोच. घाम आला का? कुसळं मोज्यात अडकली का? पहिल्या पावसानंतर खाणीजवळ जो वास येतो, तो तुमच्या लॅपटॉपच्या कुठल्या भोकातून येतो? करमणूक झाली म्हणा, आमचं काही म्हणणं नाही. टेकडीचं नाव कशाला घेता?

रात्रपाळी
टेकडीवाले काका, तुमची टेकडी सकाळी सहाला. मी हिंजवडीहून साडेपाचला घरी येतो आणि पडदे ओढून झोपतो. रविवारी सिंहगडावर जावं तर पायथ्यापासून गाड्यांची रांग, वर पिठलं-भाकरीला नंबर आणि कोणाच्या तरी स्पीकरवर ढणढण गाणी. त्यापेक्षा खेळातला डोंगर जास्त शांत आहे, हे कबूल करायला लाज कसली?

टेकडीवाला
आतकरवाडीकडून पायी जा. गाड्यांच्या रांगेचा प्रश्नच येणार नाही.

सदाशिव_पेठी
जरा अभ्यासाचं बोलू. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पीटर कान यांच्या गटाने २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९० लोकांना ऑफिससारख्या खोलीत थोडा ताण दिला. काहींसमोर झाडं दिसणारी काचेची खिडकी, काहींसमोर तेच दृश्य दाखवणारा मोठा प्लाझ्मा पडदा, काहींसमोर कोरी भिंत. खिडकीवाल्यांच्या हृदयाचे ठोके लवकर खाली आले. पडदावाल्यांचे? भिंतीवाल्यांइतकेच. म्हणजे भाचीने लॅपटॉप लावण्याऐवजी तुमची खुर्ची गॅलरीत सरकवली असती तरी चाललं असतं. तेही फुकटात.

गुडघा_कोथरूड
आमच्या गॅलरीसमोर दुसऱ्याची गॅलरी आहे. त्यात त्यांचे टॉवेल. आणि त्या प्रयोगातली माणसं पडद्याकडे नुसती बघत होती. मी वाट चुकत होतो. माथ्याजवळ थंडीने पिसं गोठतात, तेव्हा गरम पाण्याचं कुंड शोधून त्यात बसावं लागतं. मी बसलो आणि गंमत म्हणजे खांदे खरंच सैल पडले. ठोके कोणी मोजले नाहीत, हे मान्य.

कर्वेनगरची_मी
एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. दिवस कलल्यावर टेकडीवर एकटी बाई जाऊ शकते का? मी कॉलेजात असताना जायचे. एकदा पाठीमागून दोघं शेवटपर्यंत चालत आले, काही बोलले नाहीत, नुसते चालत आले. त्यानंतर मैत्रीण सोबत असली तरच. रात्री अकराला, एकटीने, मागे वळून न बघता डोंगर चढायची मजा मला त्या पक्षिणीने दिली. टेकडीवाल्यांना हे कळेल असं वाटत नाही, पण लिहिलं.

टेकडीवाला
कळलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दोन_मुलांचा_बाप
मला दुसरीच धास्ती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं. आज पक्षीण, उद्या बंदुका.

रात्रपाळी
त्या यादीतला आजार म्हणजे खेळण्यावर ताबाच न राहणं. हा खेळ दीड-दोन तासांत संपतो. रोजचं बक्षीस नाही, 'उद्या परत या' नाही. माथा आला, फोन आला, खाली तरंगत जा आणि घरी. उलट मुलांना हाच द्या.

टेकडीवाला
माझा खरा राग सांगतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला, तेव्हा जे आले ते रोज चढणारे होते. त्यांना कुठलं झाड पडणार हे माहीत होतं. पडद्यावर भागलं की पायाखालची टेकडी गेली तरी कोणाला कळणार नाही.

गुडघा_कोथरूड
मोर्च्यात मीही होतो. आणि खेळ संपल्यावर पहिली आठवण आली ती खाणीवरच्या टिटवीची. रविवारी चढून बघणार आहे. गुडघ्याला पट्टा बांधून, अर्ध्यापर्यंत.

टेकडीवाला
साडेसहाला एआरएआयच्या बाजूला. काठी मी आणतो. फोन घरी ठेवा, तिथे रेंज फुल आहे.

गुडघा_कोथरूड
सात करा हो.

टेकडीवाला
साडेसहा.