शब्दचर्चा : रायफलचं 'मॅचिंग' म्हणजे जोडणी, जुळणी की आणखी काही?

फोंड्याहून
नमस्कार मंडळी. माझी भाची रायफल शूटिंग करते, आधी 10 मीटर एअर रायफल होती, आता 50 मीटरला गेलीय आणि पुढे लांब पल्ल्याचं शिकायचं म्हणते. तिच्या कोचनी पालकांसाठी मराठीत टिपणं करून द्या म्हटलं आणि मी पहिल्याच ओळीला अडकलो, की रायफल, तिच्यावरची नेमाची दुर्बीण, दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा, काडतूस यांचं एकमेकांशी 'मॅचिंग' पाहिजे. मी 'जोडणी' लिहिलं तर ते म्हणाले छे, जोडणी काय, स्क्रू पिळला की झाली. 30 मिलिमीटर नळीची दुर्बीण एक इंचाच्या रिंगांत बसतच नाही, ते लगेच कळतं, पण जे व्यवस्थित बसतं आणि तरी एकमेकांना धरून चालत नाही त्याला काय म्हणायचं?

म्हापशाहून
बाब, 'जुळणी' घ्या ना. माझे वडील छापखान्यात जुळारी होते. खिळा नुसता चांगला असून भागत नाही, बाकीच्या खिळ्यांशी त्याची उंची एक पाहिजे, नाहीतर तेवढं अक्षर उठत नाही. दुर्बिणीतही हेच होतं. आतल्या रेघा 'मिल'मध्ये (कोनाचं माप, एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) आणि वरचं टरेट, म्हणजे नेम सरकवायची फिरकी, 'मिनिट ऑफ अँगल'मध्ये (अंशाचा साठावा भाग) असलं तर दोन्ही उत्तम असून जुळणी नाही. 300 मीटरवर गोळी 2 मिल खाली लागली, म्हणजे 60 सेंटिमीटर. टरेटही मिलचं असेल तर सरळ 2 मिल फिरवायचं. नसेल तर एका मिलची साधारण 3.44 मिनिटं धरून गुणाकार करत बसा, वारा तोपर्यंत बदलतो.

डिचोलीहून
मूळ प्रश्न सोडून बोलतोय, पण राहवत नाही. 'मिनिट ऑफ अँगल' कशाला, आपल्याकडे शब्द आहे, कला! पंचांगात अंश, कला, विकला असतं बघा, 60 कलांचा एक अंश. तेच माप आहे हे. 100 मीटरवर एक कला म्हणजे साधारण 2.9 सेंटिमीटर, 50 वर त्याच्या निम्मं. आणि 50 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा गोल 10.4 मिलिमीटरचा, म्हणजे पूर्ण एक कलासुद्धा नाही! कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं ते असल्या गोलावर, आणि त्या खेळात दुर्बीण चालत नाही. हा शब्द मुलांना जरूर द्या.

सत्तरीहून
आमच्याकडे शेतीरक्षणाची ठासणीची बंदूक होती, निवडणूक आली की पोलीस स्टेशनवर जमा करायची. बंदुकीच्या भागांना आजोबांचे शब्द होते माशी, घोडा, चाप, दस्ता, आणि नेम धरण्याला 'शिस्त धर' म्हणायचे. आता शिस्त म्हटली की शाळाच आठवते, पण 'नेम' हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे, टिपणांत घ्याच. काडतूस पोर्तुगीजांचं, 'कार्तुशु'वरून आलेलं. ती बंदूक आतून गुळगुळीत, रायफलच्या नळीत आटे असतात आणि गोळी गरगरत सुटते. म्हणून तिथे नळी आणि गोळी एकमेकांना मानवावी लागते, लांब जड गोळीला आट्यांचा फेरा कमी इंचांत पूर्ण व्हावा लागतो नाहीतर ती डोलते. .22 इंच तोंडाच्या रायफलच्या नळीत साधारण 16 इंचांत एक फेरा असतो. हे काही जुळणीत बसत नाही, कारण डोळ्याला काहीच दिसत नाही.

मडगावहून
मी गाणं शिकवते, बंदुकीतलं काही कळत नाही, पण तुम्ही जे सांगताय त्याला आम्ही मिळवणं म्हणतो. तबला तंबोऱ्याशी मिळवतात. तबलाही चांगला, तंबोराही चांगला, तरी ठोकून, ऐकून, परत ठोकूनच मिळतो.

फोंड्याहून
ताई, अगदी हेच! कोचना आत्ताच फोन केला. ते म्हणाले एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं घेतली तरी प्रत्येक लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेला माल, वेगळा वागतो, म्हणून त्याच नळीतून लॉट बदलत दहा-दहा गोळ्या मारायच्या आणि कुठल्याचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, लहान येतो ते बघायचं, शेजारच्या मुलीच्या रायफलला चाललेला लॉट आपल्या रायफलला चालेलच असं नाही. हे मिळवणंच झालं.

सत्तरीहून
पण 'काडतूस मिळवणे' लिहू नका हां, वाचणारा म्हणेल कुठून तरी पैदा करायचं. कोंकणीतही 'मेळ्ळें' म्हणजे सापडलं, हाती आलं. लायसनचा मामला आहे.

फोंड्याहून
बरोबर, हे लक्षातच आलं नव्हतं. मग असं लिहितो : "दुर्बीण रायफलवर जोडावी, रेघा आणि टरेट एकाच मापाचे जुळवून घ्यावेत, काडतूस नळीशी मिळवून घ्यावं." 'शी' आणि 'घ्यावं' असलं की घोटाळा होत नाही. कला आणि शिस्त पहिल्या पानावर घेतो. दुर्बिणीतल्या रेघांना अजून शब्द पाहिजे, 'जाळी' मला पटतोय, कुणाच्या घरात दुसरा चालत असेल तर सांगा.