अनुभव धागा: मेलबर्नचा कॉमेडी फेस्टिवल

१९८७पासून दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये साधारण साडेतीन आठवडे शहरभर प्रयोग असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला कामाला येईल तेवढंच लिहा. 'आम्ही कसे हसलो' नको.

स्वॅनस्टन-कॉलिन्स नाका
मुख्य अड्डा टाउन हॉल. एकाच इमारतीत अनेक खोल्या, प्रत्येकीची रांग वेगळी आणि सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. फक्त 'सातचा शो ना?' विचारून उभं राहू नका, सातला तिथे चार शो असतात. कलाकाराचं नाव विचारा. छोट्या खोल्यांत सीट नंबर नसतो. पहिल्या रांगेत बसून कलाकाराचा बकरा व्हायचं नसेल तर बाहेरच्या रांगेत अगदी पुढे राहू नका. आधी शिरलेल्यांना बरेचदा पुढच्या खुर्च्या भरायला लावतात. रांगेच्या मध्यावर असलेलं बरं.

तिसरी घंटा
ती इथे नसते. प्रयोग ५० ते ६० मिनिटांचा, मध्यंतर नाही, आणि उशिरा येणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत. खोली लहान, दार स्टेजशेजारी, त्यामुळे हट्ट करूनही उपयोग नाही. एका संध्याकाळी दोन प्रयोग जमतात. तीन जमतात ते कागदावर. आधीचा प्रयोग लांबला की पुढचे सगळे दहा-दहा मिनिटांनी घसरतात. त्याच इमारतीत दोन असतील तर मध्ये अर्धा तास ठेवा. टाउन हॉलहून लिगॉन स्ट्रीटच्या तोंडाशी असलेल्या ट्रेड्स हॉलला जायचं असेल तर पाऊण तास. चालायलाच वीसेक मिनिटं लागतात.

मायकीवाली
शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे. चढणं-उतरणं दोन्ही त्या हद्दीत असेल तर मायकी (इथलं प्रवासाचं कार्ड) मशीनला लावूच नका, लावली की पैसे कापले जातात. हद्दीबाहेर जायचं असेल तर मात्र लावायलाच हवी. शुक्रवारी-शनिवारी रात्रभर ट्रेन आणि काही ट्राम असतात, म्हणून उशिराचे प्रयोग त्याच दिवशी घ्या. फुटीचा (इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा) सीझनही याच दिवसांत असतो. एमसीजी स्टेडियममधली मॅच सुटली की फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनात मुंगीला वाट नसते.

काटकसरे
मंगळवारी बऱ्याच प्रयोगांची तिकिटं स्वस्त असतात. त्या मंगळवारला इथे जे नाव आहे ते आजीसमोर उच्चारण्याजोगं नाही. सुरुवातीचे प्रिव्ह्यूही स्वस्त, पण तेव्हा विनोद अजून शिजत असतात: कलाकार वहीत बघतो, एखादा पंच हवेत विरतो. पक्का प्रयोग हवा तर दुसऱ्या आठवड्यानंतर जा, मात्र नावाजलेले तोवर हाउसफुल झालेले असतात. टाउन हॉलबाहेर पत्रकं वाटणाऱ्यांना टाळू नका. कित्येकदा वाटणारा स्वतःच कलाकार असतो. दोन मिनिटं बोला, त्याचा विनोद आपल्याला झेपेल का ते तिथेच कळतं.

नवीन आलेल्यांसाठी
फुटी क्लब, उपनगरांची उणीदुणी, इथलं राजकारण यांवरचे विनोद वर्षभर राहिल्याशिवाय लागत नाहीत. सुरुवातीला अंगविक्षेपी किंवा संगीतातला विनोद निवडा. मुलं बरोबर असतील तर वयोमर्यादा प्रयोगागणिक बघा.

तिसरी घंटा (पुन्हा)
राहिलंच. सोमवारी बरेच प्रयोग बंद आणि रविवारी बरेचसे तासभर लवकर, सातचा सहाला. त्यात एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवशी मनगटी घड्याळ लावायला विसरलात आणि वेळही सातचीच समजलात, तर मात्र बरोब्बर वेळेवर पोचाल.