रबाळ्यातलं जुनं साडेचार फुटी लेथ घरच्यासाठी घ्यावं का?

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी. ऐरोलीत रो-हाउसच्या तळमजल्यावर मागची खोली मोकळी आहे, दहा बाय बारा. नोकरी आयटीतली, नाद मात्र वाफेच्या इंजिनांची छोटी चालती मॉडेल्स बनवायचा. पिस्टन, फ्लायव्हील बाहेरून करून घ्यायचं तर दर वेळी टर्नरची, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराची, मनधरणी. एका नगासाठी कोण सेटिंग लावणार?

रबाळे एमआयडीसीत एक वर्कशॉप बंद होतंय. तिथं कर्नाटकातल्या हरिहरच्या कारखान्यातलं किर्लोस्करचं लेथ आहे, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायचं यंत्र. ताजा हिरवा रंग, 70,000 सांगतायत. तुकडा धरायचा ट्रू चक (तिन्ही जबडे एकदम सरकणारा) सोबत, डॉग चक (चार जबडे वेगवेगळे सरकणारा) "शोधून देतो" म्हणाले. मोटर थ्री फेज 2 एचपी, माझ्याकडे सिंगल फेज. काय काय बघून घेऊ?

जुना_टर्नर (वागळे इस्टेट):
विकायच्या मशीनला ताजा रंग दिसला की मी आधी बेडकडे बघतो, म्हणजे ज्या लांब पट्ट्यांवर सगळं सरकतं तिकडे. बाकी सगळं बदलता येतं. बेड ग्राइंडिंगला पाठवायचा तर मशीनच्या किमतीएवढा खर्च.

चकपुढचा हात-दीड हात बेड सगळ्यात जास्त झिजतो, कारण काम सगळं तिथंच होतं. टेलस्टॉककडचा, म्हणजे कामाला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या ठोकळ्याकडचा, भाग नव्यासारखा राहतो. सॅडल, म्हणजे हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग, चककडे आणा, त्याचा लॉक-बोल्ट हलका आवळा, चाक जरा जड लागेल इतपतच. आता सॅडल टेलस्टॉककडे न्या. शेवटपर्यंत तसंच गेलं तर नशीब तुमचं. वाटेत अडकलं तर चककडे बेड बसलाय. मग कितीही आवळा, इकडे बरोबर केलं की तिकडे जाम.

नंतर स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) चकवर नको, स्पिंडलच्या नाकावर लावा, चकखाली लाकडी दांडा घालून उचला. 0.02-0.03 मिमी हललं तर चालेल. 0.10 दिसलं तर बेअरिंगचा खर्च धरूनच बोला. क्रॉस स्लाइडचं (हत्यार आडवं पुढे-मागे नेणाऱ्या भागाचं) हँडल पाव फेरा मोकळं फिरतं म्हणून नाक मुरडू नका, ते नट नवीन करता येतं.

आणि चेंज गिअर मोजा, आटे पाडताना बदलून लावायची दातेरी चाकं. संच एकदा मशीनपासून सुटला की भंगारात जातो, मग आटे पाडणं बंद. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंची असेल तर 127 दात्यांचं गिअर आहे का, हे खास विचारा. इंच म्हणजे 25.4 मिमी, त्याची पाचपट 127. ते नसेल तर मिलिमीटरचे आटे तंतोतंत पडत नाहीत. आमच्या शॉपमध्ये ते गिअर शेठच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचं, लागलं की सही करून घ्यायचं!

"शोधून देतो" म्हणजे मिळणार नाही. डॉग चकचे पैसे आत्ताच कापा. बिडाचं वेडंवाकडं कास्टिंग तुम्ही ट्रू चकमध्ये कसं धरणार?

कळव्याचा_वायरमन:
मोटर बदलू नका. सिंगल फेज इनपुटचा 2 एचपी व्हीएफडी घ्या, सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. पण त्यातून 230 व्होल्ट थ्री फेज निघतं, 415 नाही. एवढ्या मोटरी आपल्याकडे बहुतेक स्टारमध्ये (415 व्होल्टची जोडणी) असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी असल्या तर डेल्टा (230 व्होल्टची जोडणी) करा. तीनच असल्या तर वाइंडिंगवाल्याकडून स्टार पॉइंट (तिन्ही गुंडाळ्यांची आतली टोकं जोडलेली जागा) उघडून घ्यावा लागेल. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवू नका. चालू मोटरवर तो पाडलात तर व्हीएफडी उडेल.

वाशी_सेक्टर_९:
आणणार कसं? रो-हाउसच्या गल्लीत हायड्रा क्रेन वळत नाही. चक, मोटर, टेलस्टॉक आधी उतरवा, मग खाली पाइप टाकून पहारीने सरकवा. उचलताना पट्टा लीड स्क्रूवर येऊ देऊ नका, वाकतो. हेडस्टॉककडची (स्पिंडल आणि गिअर असलेली) बाजू जड असते, कलंडायला वेळ लागत नाही.

ऐरोलीकर:
आज जाऊन आलो. सॅडल साधारण निम्म्यावर घट्ट झालं. स्पिंडल 0.02. गिअरचा डबा बाकाखाली सापडला, 127 चं आहे, मालकांनाच माहीत नव्हतं. मोटरला सहा वायरी. 52,000 वर तयार झालेत. काका, बेडचं काय करू?

जुना_टर्नर (वागळे इस्टेट):
घ्या. तुमचं काम चार-सहा इंचांचं, तेवढ्या लांबीत ही झीज फारशी आड येणार नाही. लांब शाफ्ट करायचे असते तर नको म्हटलं असतं.

आणलं की लगेच सगळं खोलून बसू नका. केरोसीनने धुवा, बेडला 68 नंबरचं तेल लावा. गंज दिसला म्हणून बेडवर पॉलिश पेपर घासू नका, त्याचे कण सॅडलखाली जाऊन बसतात. मग बेड समपातळीत आणा. चांगली स्पिरिट लेव्हल उसनी मिळाली तर उत्तम. नाहीतर जाड बार नुसता चकमध्ये धरा, टेलस्टॉक न लावता. मधला भाग बारीक करून त्यावर दोन कॉलर (जाड पट्टे) ठेवा, एक चकजवळ, एक टोकाला. एकाच सेटिंगवर दोन्हींवर बारीक कट मारून मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर टेलस्टॉककडच्या एका पायाखाली शिम (पातळ पत्रा) घालून पुन्हा कट. ज्या बाजूने फरक कमी होईल ती बाजू धरा. इथं घाई नको, एक अख्खा रविवार जाऊ दे.

खाडीची हवा आहे तुमच्याकडे, पावसाळ्यात वरून प्लास्टिक टाकू नका, आत पाणी धरतं. जुनी सुती चादर बरी.

डॉग चक मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यार बाजारात बघा. पण जाताना स्पिंडलच्या नाकाचा व्यास आणि आटे मोजून न्या, बॅकप्लेट (चक स्पिंडलवर बसवायची मागची तबकडी) त्याच आट्यांची लागेल.