यॉर्क सिटीचा नवा हंगाम आणि तिसऱ्या जागेचा प्रश्न

ऊजकाठ (यॉर्क, जुलै २०२५)

इंग्लिश फुटबॉलमधल्या नॅशनल लीगचा, म्हणजे आमची यॉर्क सिटी खेळते त्या लीगचा, नवा हंगाम ९ ऑगस्टला सुरू होतोय. वेळापत्रक हातात आल्यावर मी आधी कार्लाइलची मॅच शोधली आणि मग ट्रुरोची. ट्रुरो सिटी ही कॉर्नवॉलमधून या पातळीवर पोचलेली पहिलीच टीम. यॉर्कहून तिथवर एका बाजूचे सुमारे सहाशे किलोमीटर होतात. मी जाणार आहे, रजेचा अर्जही दिलाय.

ज्यांना इथली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी: वर प्रीमियर लीग, तिच्याखाली फुटबॉल लीगच्या तीन पायऱ्या (चॅम्पियनशिप, लीग वन आणि सर्वांत खालची लीग टू) आणि मग पाचव्या पातळीवर नॅशनल लीग. इथपासून खालच्या सगळ्या फुटबॉलला नॉन-लीग म्हणतात. यॉर्क सिटी २०१६ साली लीग टूमधून इथे घसरली. मी त्याच वर्षी या गावात आलो. बूथम क्रेसेंटच्या जुन्या मैदानावर, गोलमागच्या उभ्या स्टँडमध्ये पहिली मॅच पाहिली. शेजारच्या आजोबांनी थर्मासमधला चहा दिला आणि पुढच्या शनिवारी माझी जागा धरून ठेवली. त्या हंगामाअखेर आम्ही आणखी एक पायरी खाली गेलो आणि त्याच मे महिन्यात वेम्बलीवर एफए ट्रॉफी, म्हणजे नॉन-लीग क्लबांचा चषक, जिंकलो. सहाव्या पातळीवरून परत यायला २०२२ उजाडलं.

आता मुद्द्याचं. गेल्या हंगामात बार्नेटने १०२ गुण मिळवले आणि ते वर गेले. आम्ही ९६ गुणांवर दुसरे. ४६ सामन्यांत ९६ गुण! तरी आम्ही इथेच, कारण विजेत्यानंतर उरते एकच जागा आणि तिच्यासाठी दुसऱ्यापासून सातव्या क्रमांकापर्यंतच्या सहा टीम प्लेऑफ (बाद फेरी) खेळतात. पाचव्या आलेल्या ओल्डहॅमचे ७३ गुण होते. त्यांनी आमच्याच मैदानावर आम्हाला ३-० हरवलं. त्या रात्री घरी येऊन मी जेवलो नाही.

लीग वनमधून चार क्लब खाली येतात, चॅम्पियनशिपमधून तीन, प्रीमियर लीगमधून तीन. फक्त लीग टूमधून दोनच. या वर्षी नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतल्या (पाचव्या पातळीवरचा एक, सहाव्यावरचे दोन) सगळ्या ७२ क्लबांनी मिळून वर जायची तिसरी जागा मागितली आहे. 'थ्री अप' म्हणतात ती हीच मागणी. माझं मत स्पष्ट आहे: ही जागा आमच्या हक्काची आहे आणि ती न देणं हा अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं?

बाउंड्री पार्क (ओल्डहॅम)

तुमचं दुःख समजतं, पण मी त्या ओल्डहॅमचा आहे. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात असलेला आमचा क्लब. २०२२ मध्ये नॉन-लीगमध्ये पडलो. प्रीमियर लीग खेळलेल्या कुठल्याही क्लबवर त्याआधी ही वेळ आली नव्हती. तीन वर्षं आम्ही ते ओझं वाहिलं. १ जूनला वेम्बलीवर साउथएंडविरुद्ध जादा वेळेत ३-२ जिंकलो, तेव्हा मैदानात पन्नास हजारांवर माणसं होती. पाचव्या पातळीच्या मॅचला!

हे प्लेऑफमुळे घडलं. सातव्या आलेल्या साउथएंडला शेवटच्या आठवड्यापर्यंत आशा होती, म्हणून त्यांचं मैदान भरत होतं. वर जायच्या दोन्ही जागा तक्त्यावरून दिल्या असत्या तर निम्म्या क्लबांचा हंगाम फेब्रुवारीत संपला असता. नियम सगळ्यांना ऑगस्टपासून ठाऊक होता. त्या रात्री आम्ही चांगले खेळलो.

ऊजकाठ

तुम्ही चांगले खेळलात, हे निर्विवाद. मी शेवटी टाळ्या वाजवून घरी गेलो. पण माझी मागणी नीट वाचा. प्लेऑफ काढा असं मी कुठेच म्हणत नाही. पहिले दोन थेट वर आणि तिसऱ्या जागेसाठी प्लेऑफ. गेल्या वर्षी हा नियम असता तर बार्नेट, यॉर्क आणि ओल्डहॅम तिघंही वर गेले असते. तुमचं वेम्बली कुणीच हिरावून घेतलं नसतं.

सागरगाज (स्कार्बरो)

तुमच्या गावाहून समुद्राकडे गाडीने तासाभरावर राहते. ही मागणी ऐकली की मला धडकी भरते.

१९८७ मध्ये थेट बढतीचा नियम आला आणि त्या वाटेने वर गेलेला पहिला क्लब आमचा, स्कार्बरो. त्याआधी तळातल्या क्लबांना लीगचे सदस्य मतं देऊन ठेवत किंवा काढत, आणि बहुतेकदा ठेवतच. आम्ही बारा वर्षं लीगमध्ये होतो. ८ मे १९९९ ला आमची मॅच बरोबरीत संपली, वाचलो म्हणून लोक मैदानात उतरून नाचत होते. तिकडे कार्लाइलची मॅच अजून चालू होती. भरपाईच्या शेवटच्या मिनिटांत त्यांचा गोलकीपर जिमी ग्लास कॉर्नरला पुढे धावत गेला आणि त्याने गोल केला. कार्लाइल राहिले, आम्ही गेलो. आठ वर्षांनी, २००७ मध्ये, क्लबच बंद पडला. मैदान पाडलं गेलं. लोकांनी स्वतः उभा केलेला स्कार्बरो अ‍ॅथलेटिक २०१७ पर्यंत शेजारच्या ब्रिडलिंग्टनमध्ये खेळत होता. स्वतःच्या गावाचा क्लब पाहायला दुसऱ्या गावी जायचं, हे कसं वाटतं ते माझ्या सासऱ्यांना विचारा.

तिसरा वर जाणार म्हणजे तिसरा खाली येणार. तो कुठलं तरी गावच असेल ना?

ताळेबंद

सागरगाज यांच्याशी सहमत, फक्त कारण वेगळं. लीग टूमधून पडलं की लीगकडून मिळणारा पैशाचा वाटा एकदम घटतो, खेळाडूंचे करार मात्र जुन्याच पगाराचे असतात. आणि नॅशनल लीगमधले क्लब वर जाण्याच्या ओढीने मालकाच्या खिशातून खर्च करत सुटतात. आणखी एक जागा म्हणजे या जुगारात उतरायला आणखी चार क्लबांना निमंत्रण.

रंकाळा (कोल्हापूर)

भावा, एक विचारू? वर जायचंच कशाला एवढं?

आमच्याकडं फुटबॉलच्या टीम तालमींच्याच. पाटाकडील तालीम जिंकली काय नि दिलबहार तालीम जिंकली काय, त्यातनं कोण देशपातळीवरच्या लीगला जात नाही. तरी शाहू स्टेडियम भरतंयच की. पेठेची इज्जत, गल्लीची इज्जत, सकाळी चहाच्या गाड्यावर कालच्या मॅचचा विषय. आजोबांनी तुमची जागा धरून ठेवली, ते कुठल्या पातळीवर हुतं? नॉन-लीगमध्येच न्हवं? मग गमावलं काय तुम्ही?

ऊजकाठ

रंकाळा, या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न तुमचा आहे. दोन दिवस विचार करत होतो.

सहाव्या पातळीवरही मी एक शनिवार चुकवला नाही, त्यामुळे पातळीवर प्रेम नसतं हे मान्य. पण कोल्हापूरचंच बघा. अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, तुम्ही सगळ्यांनी अभिमानाने पाहिलं. त्यासाठी त्याला लहानपणीच कोल्हापूर सोडावं लागलं. पोरगं वर जातं आणि तालीम जिथल्या तिथे राहते, कारण तालमीला वर जायला वाटच नाही. इंग्लंडमध्ये वाट आहे. अख्खं गाव आपल्या टीमबरोबर वर जाऊ शकतं. ती इतकी अरुंद करून ठेवली आहे, याचा मला राग येतो.

ताळेबंद, जुगार जागा वाढल्याने वाढतो की कमी असल्याने? खात्रीची जागा एकच असते तेव्हा दुसरा येणंही फुकट जातं, म्हणून प्रत्येक जण पहिलाच यायला पैसा ओततो. दोन खात्रीच्या असतील तर आवरून खर्च करणाऱ्याला तरी दम धरता येईल.

सागरगाज, तुमच्याशी वाद घालताना हात आखडतो. १९८१ मध्ये चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी यॉर्कच होतं आणि आम्हाला मतांनीच वाचवलं. तीनच वर्षांनी आम्ही १०१ गुणांनी ती डिव्हिजन जिंकलो. लीगमध्ये तोवर कुणी शंभरी गाठली नव्हती. तेव्हा खाली ढकलले गेलो असतो तर हे झालं असतं का, मला सांगता येणार नाही. पण कार्लाइल २००४ मध्ये पडले आणि पुढच्याच वर्षी प्लेऑफ जिंकून परतले, कारण वाट उघडी होती. आता ते पुन्हा पडलेत. खाली येणाऱ्याची भीती कमी करायची तर त्याची परतीची वाट रुंद हवी, असं मला वाटतं.

सागरगाज

परतीची वाट असूनही आमचा क्लब बुडाला, हे विसरू नका. पडल्यावर दोन वर्षं तरी पैशाचा आधार देणार असाल तर मी तुमच्या मागणीवर सही करेन. नुसती तिसरी जागा नको.

ऊजकाठ

हे मान्य. मागणीत हे हवंच होतं, मी लिहिलं नाही.

कार्लाइल यॉर्कला येतील तेव्हा तुम्ही आणि सासरे याल का? १९९९ नंतर त्यांना कार्लाइलची मॅच बघवेल की नाही, ते आधी विचारा. येणार असाल तर दोन जागा धरून ठेवतो.