मदत हवी आहे: गगनबावडा रस्त्यावर शाळेजवळ रंबलर पट्ट्यांसाठी (वेग कमी करायला लावणाऱ्या, रस्त्यावरच्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्या) अर्ज कसा करायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर, कळ्याच्या पुढं आमचं गाव. शाळा रस्त्याच्या एका अंगाला, वस्ती दुसऱ्या. रस्ता दोन पदरी आणि वळणावर अगदी कडेपर्यंत ऊस. तो वाढला की समोरून येणारी गाडी दिसतच नाही. पोरं रोज दोनदा रस्ता ओलांडतात. त्यात हंगाम सुरू झालाय, अंधारात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. मागं लाल रिफ्लेक्टर पट्ट्या आम्हीच चिकटवतोय, त्याचा थोडा फरक पडलाय.

ग्रामसभेचा ठराव झालाय. एका कार्यालयानं "रस्ता आमच्याकडं नाही" सांगितलं. दुसरीकडं अर्जाची पोच मिळाली, पण चार महिने उत्तर नाही. राष्ट्रीय महामार्ग (१६६ जी) असल्यानं स्पीडब्रेकर होणार नाही हे माहीत आहे, कृपया ते सुचवू नका. वर्गणी काढून काही बसवायचं तर परवानगीशिवाय नको, असं गावानं ठरवलंय.

ज्यांच्या गावात महामार्गावर रंबलर पट्ट्या, झेब्रा क्रॉसिंग आणि शाळेचा फलक खरोखर बसलाय, त्यांनी सांगा: अर्ज नेमका कोणत्या अधिकाऱ्याच्या नावानं दिला, आणि ठरावासोबत आणखी कोणती कागदं जोडली?