दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील कपाट : तयार घ्यावे की सुताराकडून करून घ्यावे?

डोंबिवलीकर
नमस्कार. आमच्या दिवाणखान्यात बाल्कनीचे दार आणि आतल्या खोलीचे दार यांच्यामधला कोपरा मोकळा आहे. एका भिंतीवर २६ इंच आणि दुसरीवर ३० इंच जागा मिळते. कागदपत्रांच्या बॉक्स फाइली, सासूबाईंच्या पोथ्या आणि दिवाळीचे सामान मावेल असे साधारण सहा फुटी बंद कपाट हवे आहे. दुकानात पाहिलेली कपाटे त्रिकोणी आणि पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची) होती. आमचे सुतारमिस्त्रीही त्रिकोणीच करू म्हणतात, कारण त्याने जाण्यायेण्याची वाट अडत नाही. ३० इंचांची भिंत बाहेरची असून पावसाळ्यात तिला ओल येते. काय करणे योग्य ठरेल?

गुण्या-ओळंबा
त्रिकोणी कपाट समोरून ऐसपैस दिसते, पण आत फारसे काही राहत नाही. दोन्ही भिंतींवर २४ इंच घेतले, तर दर्शनी बाजू सुमारे ३४ इंच होते. मात्र मधोमध खोली १७ इंचच मिळते आणि दोन्ही टोकांना ती शून्यावर येते. आपल्या ११ इंच खोलीच्या बॉक्स फाइली ठेवायच्या म्हटल्यास ३४ इंचांपैकी मधले १२ इंच तेवढे कामाचे, आणि प्लायची जाडी वजा केल्यावर तेही नाहीत.

त्यापेक्षा दोन्ही टोकांना १२ इंच सरळ बाजू पुढे काढून मग तिरके दार लावावे. अशा पाचकोनी फळीचे क्षेत्रफळ २८८ चौरस इंचांवरून ५०४ वर जाते. कपाट खोलीत साडेआठ इंच अधिक पुढे येते हे खरे, म्हणून आधी जमिनीवर खडूने आकार आखून घरातल्या सगळ्यांना दोन दिवस त्याच्या कडेने वावरू द्यावे.

माप घेताना कोपरा काटकोनात आहे असे गृहीत धरू नये. एका भिंतीवर १८ इंचांवर आणि दुसरीवर २४ इंचांवर खूण करावी. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर ३० इंच भरले तरच काटकोन. ही तपासणी जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि वर अशी तिन्ही ठिकाणी करावी, कारण गिलावा क्वचितच एकसारखा असतो. फळीचे माप २४ इंचांच्या किंचित आतच ठेवावे. आठ बाय चारच्या प्लायमधून पावणेचोवीस इंचांच्या आठ फळ्या निघतात. साडेचोवीस धरले की फळ्या बऱ्याच कमी निघतात आणि उरलेल्या तुकड्यांचे पैसे मात्र आपणच भरतो.

रत्नागिरीहून
वरील सल्ला योग्य आहे, पण ओलीचा विचार आधी व्हावा. पार्टिकल बोर्ड कडेने एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि बिजागरीचा स्क्रू पुन्हा धरत नाही, त्यामुळे अशा भिंतीजवळ तो नकोच. आयएस ७१० (मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचे भारतीय मानक) चा शिक्का असलेला प्लाय घ्यावा, कापलेल्या सर्व कडा बंद करून घ्याव्यात आणि मागची बाजूही लॅमिनेटविना कोरी सोडू नये. बाहेरच्या भिंतीपासून दीड इंच फट ठेवल्यास हवा खेळती राहील. २४ अधिक दीड असे साडेपंचवीस इंच आपल्या २६ इंचांत बसतात. खाली चार इंचांचे पाय द्यावेत, म्हणजे फरशी पुसता येते आणि वाळवी चढू लागली तर ती वेळीच दिसते. गळती बाहेरून बंद केल्याशिवाय मात्र यातले काहीच फार काळ टिकणार नाही.

साधे_सरळ
मला कोपऱ्यातल्या कपाटाचा एवढा आग्रहच समजत नाही. आतल्या २६ इंचांच्या भिंतीला पाठ लावून २४ इंच रुंद आणि १६ इंच खोल असे साधे कपाट केले, तर प्रत्येक फळीवर ३८४ चौरस इंच जागा मिळते, म्हणजे त्रिकोणी कपाटापेक्षा बरीच जास्त. दोन्ही दारे नेहमीच्या बिजागऱ्यांवर बसतात, फाइली एका रांगेत राहतात आणि उद्या घर बदलले तरी कपाट कुठेही लावता येते. पाचकोनी कपाटातील सर्वांत खोल जागा अगदी कोपऱ्यात असते. तिथे गेलेली पोथी काढायला सासूबाईंना पुढचे सगळे सामान हलवावे लागेल.

डोंबिवलीकर
सर्वांचे आभार. खुणा करून मोजले, तर तिरके अंतर सव्वातीस इंच भरले. शिवाय कोपऱ्यात आरसीसीचा खांब दोन्ही बाजूंनी चार इंच पुढे आलेला आहे, हे मी आधी लिहायला हवे होते. अशा स्थितीत कोणता आकार सोयीचा पडेल?

गुण्या-ओळंबा
तर मग पाचकोनीच करावे. खांबासाठी प्रत्येक फळीच्या मागच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या साच्यावरून खाच पाडून घ्यावी. जाणारी जागा तीच असेल, जिथे तसाही हात पोचत नाही. सरळ कपाटाला मात्र त्या खांबामुळे एक तर पुढे सरकावे लागेल किंवा रुंदी कमी करावी लागेल. पाव इंचाचा फरक दर्शनी पट्टीत झाकला जातो. मिस्त्रींना तिरक्या दारासाठी ४५ अंशांच्या कोनाची बिजागरी आणायला आवर्जून सांगावे, कारण नेहमीची तिथे बसत नाही, आणि दार बाल्कनीच्या बाजूला उघडेल असे ठेवावे.